हजेरीची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी आत्या लष्करात परिचारिका होती. निवृत्त होऊन ती मलकापूरला परत आली त्याला तीस वर्षे उलटून गेली. पण गावात तिला अजूनही कोणी नावाने हाक मारत नाही. ‘मिलिटरीतल्या बाई’ म्हणूनच ती ओळखली जाते. लग्न केले नाही. शाळी नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचे घर आहे, दाराशी प्राजक्त आहे, आणि खिडकीत टेलिफोन. मोबाइल आम्ही घेऊन दिला, पण तिचा विश्वास त्या जुन्या काळ्या यंत्रावरच.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर रात्रंदिवस वाहणारी वाहतूक थांबली आणि मलकापूरच्या बाजारपेठेत आयुष्यात पहिल्यांदा पाखरांचा आवाज ऐकू आला. मुंबईहून परतलेली माणसे गावोगावच्या शाळांत विलगीकरणात राहत होती. आत्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. एकटी कशी राहील, या काळजीने मी तिला आमच्याकडे आणण्यासाठी गेलो, तर ती म्हणाली, “सहा वाजता फोन यायचा आहे, आत्ता बोलू नकोस.”

फोन आला. मग तिने एक केला. तो झाल्यावर शाळेच्या मुलांची असते तशी शंभर पानी वही काढली आणि एका नावापुढे बरोबरची खूण केली. वहीत तेवीस नावे होती. सगळ्या निवृत्त लष्करी परिचारिका. कोणी पुण्याला, कोणी बेळगावला, कोणी केरळात. बहुतेक एकट्या राहणाऱ्या. प्रत्येकीने संध्याकाळी यादीतल्या पुढच्या नावाला फोन करायचा, आणि शेवटची आत्याला कळवणार. उत्तर आले नाही तर पंधरा मिनिटांनी पुन्हा. तरीही नाही आले तर त्या गावातल्या एखाद्या माजी सैनिकाला नाहीतर शेजाऱ्याला गाठायचे. “नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो ना आपण, तसा आमचा रोजचा,” आत्या म्हणाली आणि हसली.

ही संघटना कुठे नोंदलेली नव्हती. तिला अध्यक्ष नव्हता, वर्गणी नव्हती. पण ताप किती, ऑक्सिजनची पातळी किती, पालथे कधी झोपायचे, पॉलिक्लिनिकपर्यंत जाता येत नसेल आणि औषध बाहेरून घ्यावे लागले तर पावती कशी जपायची, हे सगळे त्या वहीच्या आधाराने चालले होते. ही पद्धत तुम्हाला सुचली कशी, असे मी विचारले. “सुचायचे काय? मेसमध्ये असेच असायचे,” एवढेच उत्तर मिळाले. ते उत्तर काही माझ्या मनातून गेले नाही. मग मी जुने वाचू लागलो.

लष्करी परिचर्येची आपल्याकडची सुरुवात मुंबई बंदरात झाली. 1888 साली कॅथरीन ग्रेस लॉक आणि त्यांच्याबरोबरच्या परिचारिका बोटीतून तिथे उतरल्या. त्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा आग्रह होता. लढाईत जेवढे गोरे सैनिक मरत नसत, तेवढे छावणीतल्या विषमज्वराने आणि कॉलऱ्याने मरत. परिचारिका आल्या त्या या साथींसाठी. पण एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. त्या आल्या त्या गोऱ्या सैनिकांच्या रुग्णालयांत. आमच्या भागातली माणसे मराठा पलटणींत होती; 1916 साली कूतच्या वेढ्यात 103 वी, 110 वी आणि 117 वी अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. या शिपायांसाठी पलटणीची वेगळी इस्पितळे होती आणि तिथे प्रशिक्षित परिचारिका नसे. शुश्रूषा करायची ती पलटणीतल्याच कोणा शिपायाने नाहीतर वॉर्डातल्या नोकराने. इंग्लंडात ब्रायटनला जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालये उघडली, तिथेही गोऱ्या परिचारिकांनी फक्त देखरेख करावी, हिंदी सैनिकाची प्रत्यक्ष शुश्रूषा करू नये, असा दंडक आला. परिचर्या म्हणजे दया, असे आपण म्हणतो. तिलाही रंगाची कुंपणे होती.

ज्या आल्या त्यांची किंमत त्यांनी दिली. पहिल्या महायुद्धात पाचशेहून अधिक ऑस्ट्रेलियन परिचारिका हिंदुस्थानात काम करीत होत्या. पुण्यात त्यांच्यासाठी डेक्कन वॉर हॉस्पिटल होते, मुंबईत कुलाबा आणि इतर. ऑगस्ट 1916 मध्ये मुंबईत कॉलऱ्याने एमी ओग्रेडी आणि कॅथलीन पॉवर या दोघी गेल्या. खडकीच्या युद्धस्मारकावर त्यांची नावे आहेत. पुण्याला जाणाऱ्यांनी सवड काढून ती जरूर पाहावीत.

मग 1918. जूनच्या 10 तारखेला मुंबईत पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. त्याआधी काही दिवस सैनिक घेऊन एक बोट आली होती. पावसाळ्याच्या अखेरीला दुसरी लाट आली ती भयंकर. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 माणसे मेली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक, देशात सव्वा कोटीच्या वर. पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि सरकारी डॉक्टर व प्रशिक्षित परिचारिका मोठ्या प्रमाणात युद्धावर गेलेल्या. आकडेवारीत एक गोष्ट डोळ्यांत भरते : वीस ते चाळीस वयाच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या. घरोघरी अंथरुणाशी बसणारी, पाणी पाजणारी तीच होती ना! त्याआधी 1897 च्या प्लेगात रुग्णाला खांद्यावरून नेणाऱ्या सावित्रीबाई फुले 10 मार्चला त्याच रोगाने गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांचा हिशेब या वीस ते चाळीसच्या रकान्यात आहे.

परिचारिकांनी एकमेकींना धरून राहायला सुरुवात केली ती याच सुमारास. 1905 साली लखनौला परिचारिका-अधीक्षकांची संघटना झाली. 1908 साली ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया. 1909 साली मुंबई इलाख्याची नर्सिंग असोसिएशन. 1910 पासून त्यांचे मासिक. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनातून मुली ससून रुग्णालयात शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा घराघरांतून केवढा विरोध झाला! परक्या माणसाचे अंग पुसणारी मुलगी चांगल्या घरातली नव्हे, अशी समजूत होती. घर पाठीशी नाही म्हटल्यावर मैत्रिणीच घर होतात.

हिंदी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी कायमस्वरूपी लष्करी परिचर्या सेवा सुरू झाली ती 1 ऑक्टोबर 1926 रोजी. बारा मेट्रन, अठरा सिस्टर, पंचवीस स्टाफ नर्स : एकूण 55 जणी एवढ्या मोठ्या देशाला. 1943 च्या वटहुकुमाने त्यांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. खांद्यावर तारे आले. पण लग्नाचा प्रश्न तिथेच राहिला. आत्याच्या तरुणपणी लग्न म्हणजे राजीनामा, हे गृहीतच होते. 1977 च्या एका लष्करी आदेशात ते लेखी आले आणि 1995 मध्ये रद्द झाले. सेलिना जॉन या लेफ्टनंट परिचारिकेला लग्न केले म्हणून 1988 साली सेवेतून काढले होते. 14 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून त्यांना साठ लाख रुपये द्यायला सांगितले. छत्तीस वर्षे लागली. निकालाची बातमी मी आत्याला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वही उघडून तीन नावांवर बोट ठेवले, “या तिघींना सांगायला हवे.”

तेव्हा मला तिचे ते ‘मेसमध्ये असेच असायचे’ नीट समजले. आत्याच्या पिढीतल्या पुष्कळ जणी लग्नाशिवाय राहिल्या. आजारी पडल्यावर उशाशी बसणारे घरचे कोणी नव्हते. ते काम शेजारच्या खोलीतली करायची. रात्रपाळीहून आलेली दार वाजवून विचारायची, “जेवलीस का?” निवृत्तीनंतर खोल्या शेकडो मैलांवर गेल्या, एवढाच फरक.

2021 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या लाटेच्या वेळी वहीला आणखी काही नावे जोडली गेली. ती निवृत्तांची नव्हती. सेवेतल्या तरुण मुली, कोविड वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या. त्यांतल्या एकीला घरमालकाने खोली सोडायला सांगितले होते. दुसरी रात्री दोनला फोन करी आणि नुसती रडे. आत्या तिला उपदेश करत नसे. पोशाख काढताना आधी काय काढलेस, हात कसे धुतलेस, किती वेळ झाला पाणी पिऊन, असे एकेक विचारत जाई. दहा मिनिटांनी पलीकडचा आवाज स्थिर होई. मी बाजूच्या खोलीत जागा असायचो. माझ्या आयुष्यात इतके शांत संभाषण मी दुसरे ऐकलेले नाही.

एका संध्याकाळी पुण्याच्या एका नावाला उत्तर आले नाही. पंधरा मिनिटांनी नाही, अर्ध्या तासाने नाही. सोसायटीच्या पहारेकऱ्याने दार उघडवले, तेव्हा त्या बाई स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या. त्या वाचल्या. मे महिन्यात मात्र दोघी गेल्या आणि कोणालाच जाता आले नाही. आत्याने ती नावे खोडली नाहीत. त्यांच्यापुढची घरे रिकामी ठेवून ती पुढच्या नावाकडे जाते.

साथ संपली, वही संपली नाही. तिसरी चालू आहे. या भाषणाचे ध्वनिमुद्रण कधी ठेवायचे, हे ठरवण्यासाठी केंद्रावरून आत्याच्याच घरी फोन आला होता. तिने परस्पर सांगून टाकले, “सकाळी ठेवा. त्याला सहाच्या आत परत यायला हवे, मला आता अक्षरे दिसत नाहीत. वही तोच लिहितो.”