बंबात गेलेली पाकिटे

परवा माळा आवरताना लहानपणचा तिकिटांचा अल्बम सापडला. अल्बम कसला, शाळेची दुरेघी वही ती! त्यातल्या एका पानावर दोन आण्यांचा नटराज आहे आणि त्याच्यावर काळ्या अक्षरांत छापले आहे, ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. त्या तिकिटापायी मी घरातली एक मोठी वस्तू गमावली. आज त्याबद्दल लिहितो.

हा नटराज आमच्या नाशिकरोडचाच. तिथल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली ही मालिका १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघाली. तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत सोळा तिकिटे. तोवर रोजच्या तिकिटांवर सहाव्या जॉर्जचा चेहरा असे. राजा गेला आणि त्याच्या जागी आपल्या पाथरवटांची कामे आली: अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, घारापुरीची त्रिमूर्ती, विजापूरचा गोलघुमट. घाईत एक चूकही झाली. एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाचे चित्र उलटे छापले गेले आणि उजव्या हाताचा डावा झाला. १९५० मध्ये ते तिकीट सुधारून पुन्हा काढले.

मग नटराज कोरियाला कसा पोहोचला? २७ जुलै १९५३ रोजी तिथले युद्ध थांबले. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून जास्त युद्धकैद्यांचे करायचे काय, हा प्रश्न उरला. त्यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि कैदी सांभाळायला गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी आपल्या भूमीवर भारतीय जवानांचे पाऊलही पडू द्यायचे नाही असे ठरवले, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने थेट मधल्या निर्लष्करी पट्ट्यात न्यावे लागले. या जवानांच्या टपालासाठी मालिकेतल्या बारा तिकिटांवर वरून ही अक्षरे छापली गेली. ‘कटक’ म्हणजे सैन्य. पुढच्याच वर्षी कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधल्या आंतरराष्ट्रीय आयोगांसाठीही याच मालिकेवर असे छाप पडले.

माझे थोरले काका त्या कोरियाच्या दलात होते. त्यांची पत्रे आजी पत्र्याच्या डब्यात ठेवी. तिला वाचता येत नव्हते. पण काकांचा ‘सौ.’ लिहिण्याचा फर्राटा तिला ओळखू येई, आणि कुणाकडून पत्र वाचून घेण्याआधी ती पाकिटावरून बोट फिरवी.

मी दहा वर्षांचा असताना तिकिटे जमवायचे वेड लागले. एका दुपारी आजी देवळात गेली असताना मी डबा उघडला, पाकिटे घंगाळात भिजवली, तिकिटे अलगद सोडवली. उरलेला लगदा वाळवून बंबात घातला. पत्रे तेवढी परत डब्यात ठेवली. मोठे शहाणपण केले असे वाटत होते.

आजीने डबा उघडला तेव्हा मी तिथेच होतो. ती मला एक शब्द बोलली नाही. फक्त पत्रांचे कागद एकेक करून उलटेपालटे करून पाहत राहिली. मार खाल्ला असता तर बरे झाले असते.

काका परतले, पण कोरियाविषयी कधी फारसे बोलले नाहीत. आता तेही नाहीत. मागच्या दिवाळीत पुतण्या विचारत होता, ‘आजोबा नेमके कुठल्या तुकडीत होते?’ पत्रांत तुकडीचे नाव नाही, तारखाही क्वचितच. फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक, तारखेचा शिक्का, पाठवणाऱ्याचे नाव हे सगळे पाकिटावर असते. तिकीट कुठल्याही अल्बमात मिळेल. ते पाकीट जगात एकच होते.

चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. पुरावा जपा म्हणून फळ्यावर कितीदा लिहिले असेन. लिहिताना दर वेळी बंबातला धूर डोळ्यांसमोर येई.

मंडळी, आणि विशेषतः पुण्याच्या आणि धुळ्याच्या नातेवाईकांनो, कुणाच्या पेटीत काकांचे एखादे पाकीट असले तर कळवा. मला द्यायला नको. फक्त भिजवू नका.