कीडरोधक मरुवनस्पती

कीडरोधक मरुवनस्पती : वाळवंटी व कोरड्या प्रदेशांतील ज्या झाडाझुडपांचा पाला, बी किंवा चीक पिकांवरील किडींना नकोसा होतो, अशा वनस्पती. जिथे पाऊस मोजका, तिथे कुरतडलेल्या पानाच्या जागी नवे पान फुटणे झाडाला परवडत नाही. म्हणून पाला आधीच कडू, चिकट वा विषारी असतो. कीड मारणे वेगळे आणि तिचे तोंड पिकावरून फिरवणे वेगळे. हा फरक शास्त्रज्ञांना नीट दाखवला तो टोळांनी.

1959 मध्ये सुदानात टोळधाड उतरली. हिरवे दिसेल ते फस्त झाले, कडुनिंब मात्र उभा राहिला. तिकडे तो परका; मूळ आपल्याच उपखंडातला. हे पाहणारे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर पुढे निंबाच्याच मागे लागले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 1962 साली एस. प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गिराचे पाणी पिकावर फवारले. टोळ आले, बसले, पण पिकाला त्यांनी तोंड लावले नाही. 1968 मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतून ॲझाडिरॅक्टिन वेगळे काढले, तेव्हाही परीक्षक टोळच होते. हे द्रव्य चाखताच टोळ खाणे सोडतो. पोटात गेले, तर त्याचे कात टाकणे बिघडते. त्याची रेणुरचना इतकी गुंतागुंतीची, की प्रयोगशाळेत ते घडवायला 2007 उजाडले.

अशीच दुसरी वनस्पती थारमधला आक, म्हणजे आपली रुई, शनिवारी मारुतीला वाहतात ती. तिच्या चिकातली द्रव्ये हृदयाचे कार्य बिघडवतात, त्यामुळे गुरेही ती सहसा टाळतात.

पण रुईला कीड लागतच नाही, असे समजू नये. पिवळा मावा तिच्यावर सुखाने नांदतो. रंगीबेरंगी आक-नाकतोडा तर तिचेच विष अंगात साठवतो आणि डिवचल्यास बाहेर फेकतो.

महाराष्ट्रात कीड रोखायला दहा वनस्पतींच्या पाल्याचा दशपर्णी अर्क करतात; त्यात निंब आणि रुई दोन्ही पडतात. निंबोळीचा 5 टक्के अर्क करताना 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवतात आणि गाळून पाणी 100 लिटरपर्यंत नेतात. ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निष्प्रभ होत असल्याने फवारणी संध्याकाळी करावी. रुई तोडताना मात्र जपावे. तिचा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते.