सायकल, पाना आणि सार्वजनिक कार्यशाळा

व्हिएन्ना शहरात वेरिंगर स्ट्रासे नावाच्या रस्त्यावर एक जुनी, प्रशस्त इमारत आहे. १८५५ साली गेऑर्ग सिग्ल या कारखानदाराने ती आगगाडीची इंजिने बनवण्यासाठी बांधली. पुढे तिथे तंत्रशिक्षण देणारी शाळा भरू लागली. सुमारे शंभर वर्षांनी शाळाही नव्या जागेत गेली आणि इमारत पाडायचे घाटू लागले. तेव्हा परिसरातील लोकांनी ती वाचवली आणि १९८१ मध्ये तिथे नागरिकांनी चालवलेले 'वूक' नावाचे केंद्र सुरू झाले. थोड्याच काळात या केंद्रात सायकलींची एक कार्यशाळा उभी राहिली. युरोपातील अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या कार्यशाळांपैकी ही एक.

'अशा प्रकारच्या' म्हणजे कशा? तिथे पाने, पकडी, हातोड्या, चाकाचा आउट काढायचे स्टँड, जुने सुटे भाग असे सारे असते. आपण आपली बिघडलेली सायकल घेऊन जायची. एखादा जाणकार स्वयंसेवक शेजारी उभा राहतो, कुठला पाना घ्यायचा ते सांगतो. पण हात काळे करायचे ते आपण. जागेच्या आणि हत्यारांच्या वापरापोटी थोडे पैसे द्यायचे. सायकल ठेवून जाऊन संध्याकाळी तयार मिळेल, अशी सोय तिथे नाही.

आपल्या वाचकांना हा खटाटोप विचित्र वाटेल. गावात, शहरात, शाळेच्या फाटकाशी पंक्चरवाला बसलेला असे. पाण्याचे घमेले, सोल्युशनची ट्यूब, कानस आणि टांगलेले जुने टायर एवढ्या भांडवलावर तो पंक्चर काढी, छर्रे बदली आणि वर्षाकाठी सायकलचे 'ओव्हरऑइलिंग'ही करून देई. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण त्यात तेल तर घालतातच, तेव्हा आपला शब्द काही वाईट नाही.) हे इतक्या कमी पैशांत होत असे, की ते स्वतः शिकायची गरज कुणाला भासली नाही. युरोप-अमेरिकेत परिस्थिती नेमकी उलट होत गेली. माणसाच्या तासाभराच्या कामाचे मोल वाढत गेले आणि कारखान्यातून येणाऱ्या वस्तूचे घटत गेले. छर्रे आणि तारा बदलण्याची मजुरी नव्या स्वस्त सायकलीच्या किमतीजवळ पोचली, की दुरुस्ती हा धंदा म्हणून परवडत नाही. सायकल मोडकी म्हणून नव्हे, तर दुरुस्त करणारा महाग म्हणून ती अडगळीत जाते.

अशी अडगळ भरपूर होती. अमेरिकेत १९७० नंतर सायकलींची एक लाटच आली. १९७३ या एका वर्षात तिथे दीड कोटीच्या आसपास सायकली विकल्या गेल्या. पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या कितीतरी गॅरेजमध्ये हवा जाऊन पडून राहिल्या. म्हणजे माल फुकट होता आणि मजुरी महाग होती. ज्यांच्याजवळ पैसा कमी आणि वेळ जास्त, अशा विद्यार्थ्यांनी आणि बेकार तरुणांनी हे गणित स्वतःच्या श्रमाने सोडवले. सार्वजनिक कार्यशाळेचा उगम आम्हाला या हिशेबात दिसतो. पर्यावरणाची भाषा त्याला नंतर चिकटली, असे आमचे मत आहे.

पण नुसती इच्छा असून कुणाला घड्याळ किंवा टेलिव्हिजन दुरुस्त करता येत नाही. सायकल येते, याचे कारण तिच्या जन्मात आहे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री इथे १८६९ च्या सुमारास ज्या कंपनीने सायकली बनवायला घेतल्या, ती मुळात शिवणयंत्रे बनवणारी होती. अमेरिकेत आल्बर्ट पोप याने १८७८ मध्ये 'कोलंबिया' सायकली करून घेतल्या त्याही हार्टफर्ड येथील शिवणयंत्रांच्या कारखान्यातून. शिवणयंत्राच्या कारखान्यात एक शिस्त होती: प्रत्येक भाग ठरावीक मापाचा हवा, म्हणजे कुठलाही भाग कुठल्याही यंत्रात बसेल. ही शिस्त सायकलीला जन्मतःच मिळाली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याच्या 'रोव्हर'ने सायकलीला आजचे रूप दिले, १८८८ मध्ये डनलॉपने हवेचे टायर आणले, आणि १९०० च्या सुमारास इंग्लंडमधील सायकल अभियंत्यांच्या संस्थेने नट-बोल्टांच्या आट्यांची मापे ठरवायला घेतली. तीच मापे साम्राज्याबरोबर जगभर पसरली. आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टी. आय. सायकल्स, लुधियानाला हीरो असे कारखाने १९४९ ते १९५६ या काळात उभे राहिले, तेव्हा दांडीची काळी सायकल त्याच इंग्रजी घराण्यातली निघाली. नॉटिंगहॅमची जुनी रॅले आपल्याकडच्या मिस्त्रीला परकी वाटत नसे, ती यामुळेच.

मापे ठरली खरी, पण ती एक नव्हती. फ्रेंच सायकलींच्या पेडलचा आस १४ मिलिमीटरचा, इंग्रजी पेडलचा ९/१६ इंचाचा. आपल्या मिस्त्रीच्या भाषेत साडेचार सूत. मिलिमीटरमध्ये हे माप १४.२९ भरते. आट्यांतील अंतर फ्रेंच पेडलला १.२५ मिलिमीटर, तर इंग्रजीला इंचात २० आटे, म्हणजे १.२७. जुन्या फ्रेंच क्रँकमध्ये नवे पेडल एक-दोन फेरे आत जाते आणि अडकते. जोर लावला की आटे कापले जातात. फ्रान्समधल्या कार्यशाळांत नवख्या माणसाला हे वेळीच सांगावे लागते. मग टॅप फिरवून भोक मोठे करून घेतात.

टायरच्या मापांचा घोळ याहून मनोरंजक आहे आणि वर्गात गणितासाठी वापरता येईल. आपल्या दांडीच्या सायकलीच्या टायरवर २८ × १ १/२ असे लिहिलेले असते. तिच्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर आहे. आता दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, म्हणजे ३८.१ मिलिमीटर मिळवा. ७११.२ मिलिमीटर होतात, बरोबर २८ इंच. म्हणजे २८ हा आकडा रिमचा नाही, हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा आहे. पुढे टायर बारीक होत गेले, रिम बदलले, पण नावे तशीच राहिली. त्यामुळे '२६ इंची' म्हणवणारी ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ मिलिमीटरची निरनिराळी रिमे आहेत आणि '२७ इंची' सायकलीचे रिम (६३०) युरोपातल्या '२८ इंची' रिमपेक्षा (६२२) आठ मिलिमीटरने मोठे आहे! टायरच्या कडेची तार ताणली जात नाही, त्यामुळे इथे तडजोड चालत नाही. विद्यार्थ्यांना गावातल्या सायकलींची टायरे वाचायला लावावीत.

कार्यशाळेत पहिल्या दिवशी हमखास विचारला जाणारा प्रश्न डाव्या पेडलचा. त्याचे आटे उलटे का? उजवे पेडल घड्याळाच्या दिशेने घट्ट होते, डावे उलट दिशेने. साधारण उत्तर असे दिले जाते, की नाहीतर पाय मारताना पेडल सैल होईल. पण नीट विचार करा. पुढे पाय मारताना उजवे पेडल क्रँकच्या तुलनेत घड्याळाच्या उलट फिरते. छर्‍यांच्या घर्षणाने आसही त्याच दिशेला ओढला जाणार, म्हणजे सैल व्हायला हवा! प्रत्यक्षात तो घट्ट होतो. एक पेन्सिल मुठीत सैलसर धरा आणि तिचे टोक घड्याळाच्या दिशेने गोल फिरवा. पेन्सिल मुठीच्या आतल्या बाजूवरून घरंगळते आणि स्वतःभोवती उलट दिशेला फिरते. पेडलचेही तसेच. पायाचा भार सतत खाली, क्रँक मात्र फिरते आहे. त्यामुळे क्रँकच्या दृष्टीने भाराची दिशा फिरत राहते. भोकात केसभर जरी मोकळीक असली तरी आस त्यात घरंगळतो आणि भार फिरतो त्याच्या उलट दिशेला वळतो. हा जोर छर्‍यांच्या घर्षणाहून पुष्कळ मोठा असतो. व्यवहारात नियम सोपा आहे: कुठलेही पेडल काढताना पाना वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा. हा नियम पाठ करूनही काम चालते. पण पेन्सिल फिरवून पाहिलेला मुलगा तो विसरत नाही.

अडगळीतल्या सायकलींतून एक नवी सायकलही जन्मली. १९७० नंतर कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुण १९३०-४० मधल्या जड, जाड टायरच्या जुन्या सायकली जमवून डोंगर-उतारावरून सोडू लागले. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. १९७६ पासून तिथे भरलेल्या शर्यतीचे नाव यावरूनच 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी यातलीच. त्यांच्या प्रयोगांतून माउंटन बाइक आली. तिचे ५५९ मिलिमीटरचे रिम म्हणजे श्विन कंपनीने १९३३ मध्ये आणलेल्या फुगीर टायरचेच माप. भंगारातले हे माप कारखान्यांत गेले आणि पुढे आफ्रिकेत व लॅटिन अमेरिकेतही त्याचे टायर सहज मिळू लागले. जुन्या सायकली परदेशी पाठवणाऱ्या संस्था म्हणूनच माउंटन बाइक अधिक पसंत करतात.

सायकली पाठवण्याची ही गोष्ट सुरू झाली राजकारणातून. निकाराग्वात १९७९ मध्ये क्रांती झाली आणि तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांना अमेरिकेने शस्त्रे पुरवली. त्याच्या निषेधार्थ १९८४ मध्ये काही अमेरिकनांनी 'बाइक्स नॉट बॉम्ब्स', बॉम्ब नकोत, सायकली, अशी मोहीम काढून जुन्या सायकली निकाराग्वाला पाठवायला सुरुवात केली. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेने त्या देशाशी व्यापारही बंद केला. वाहनांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तिथे सायकलीचे मोल वेगळेच. मात्र नुसती सायकल पाठवणे म्हणजे थोड्या महिन्यांनी होणारे भंगार पाठवणे. पहिला छर्रा फुटला की कोण पाहणार? म्हणून सायकलींमागोमाग हत्यारे गेली, शिकवणारे गेले आणि निकाराग्वात दुरुस्तीच्या कार्यशाळा निघाल्या. नंतर या संस्थेने बॉस्टनमधल्या मुलांसाठीही एक रीत घातली: जुनी सायकल पूर्ण सोडवून पुन्हा जोडायला शिकायचे आणि मग ती घरी न्यायची.

डेव्हिड श्वायडनबाक याने १९९१ मध्ये न्यू जर्सीत 'पेडल्स फॉर प्रोग्रेस' सुरू केले, तेव्हा आणखी एक गोष्ट हेतुपूर्वक केली. परदेशात पोचलेली सायकल फुकट द्यायची नाही. थोड्या किमतीला विकायची आणि त्या पैशावर तिथले दुरुस्तीचे दुकान चालवायचे. दानाची कल्पना मनात घट्ट असलेल्यांना हे रुचत नाही. आम्हाला मात्र यात शहाणपण दिसते. फुकट सायकलींच्या ढिगाने गावातला एकुलता एक सायकलवाला बुडाला, तर पुढच्या वर्षी त्या ढिगाचे काय करायचे?

यानंतर कार्यशाळा इतक्या वेगाने वाढल्या, की सगळ्यांची नावे घेण्यात अर्थ नाही. २००२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एक कार्यशाळा चक्क एका घराच्या स्वयंपाकघरात निघाली. तिचे 'बाइक किचन' हे नाव मग युरोपातही गेले. फ्रान्समध्ये ग्रनोबल इथे १९९४ मध्ये निघालेल्या कार्यशाळेचे नाव 'डोक्यात एक छोटी सायकल' असे आहे. फ्रेंच भाषेत हे डोके जरा फिरलेल्या माणसाबद्दल म्हणतात! २०१० मध्ये फ्रान्समधल्या कार्यशाळांनी आपला महासंघ केला. आणि २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाची टाळेबंदी उठताना, फ्रेंच सरकारने प्रत्येक सायकलीच्या दुरुस्तीला ५० युरोपर्यंत मदत जाहीर केली. वर्षभरात दहा लाखांहून अधिक सायकली अडगळीतून रस्त्यावर आल्या. मजुरीचा जो हिशेब आपण आरंभी पाहिला, त्यात सरकारने थोडे पैसे घातल्याबरोबर हे घडले.

आता प्रश्न वेगळा आहे. विजेच्या सायकलीची बॅटरी आणि मोटर पान्याने उघडत नाही. तिच्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते आणि काही कंपन्यांची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मोटरला ओळखच देत नाही. आट्यांच्या मापांवरून शंभर वर्षांपूर्वी जो घोळ होता, तो इथे मुद्दाम घातलेला आहे. शिवाय लिथियमच्या बॅटरीला आग लागण्याचा धोका खरा असल्याने अनेक कार्यशाळा तिला हात लावत नाहीत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये बॅटऱ्यांविषयी कायदा केला. त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या सायकलीची बॅटरी, आणि तिच्यातील एकेक घटही, काढता-बदलता आला पाहिजे असे बंधन आहे. तो कुणाला काढता आला पाहिजे, हेही कायद्यात लिहिले आहे: 'स्वतंत्र व्यावसायिकाला'. व्हिएन्नाच्या त्या जुन्या इंजिन कारखान्यात पाना घेऊन उभा असलेला स्वयंसेवक आणि सायकलीचा मालक यांचा उल्लेख त्या कलमात नाही.