खुरांखालचा पापुद्रा

अमेरिकेच्या पश्चिम भागाचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला तो गुराख्यांच्या कथांतून आणि चित्रपटांतून. त्यात घोडे आहेत, बंदुका आहेत, गुरांचे अफाट कळप आहेत. त्या कळपांच्या खुरांखाली काय चिरडले गेले, याची दखल मात्र फार उशिरा घेतली गेली.

युटा राज्यातील कॅन्यनलँड्सच्या परिसरात वर्षाला जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर पाऊस पडतो. तेथे झुडपांमधली मोकळी जमीन काळसर आणि खडबडीत दिसते. हा जिवंत पापुद्रा आहे. 'मायक्रोकोलियस' या निळ्या-हिरव्या शैवालाचे चिकट धागे वाळूचे कण बांधून ठेवतात. त्याच्या सोबतीने राहणारी 'नॉस्टॉक', 'सायटोनेमा' ही शैवाले आणि आपल्या मसाल्यातील दगडफुलाचे दूरचे भाऊबंद असलेले 'कोलेमा' हवेतील नत्र जमिनीत आणतात. हे काम ओल असेल तेवढा वेळच चालते. त्यामुळे जमिनीतील नत्राची ही पुंजी फार सावकाश साठते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गुरे-मेंढ्यांचे कळप आले. खुरांनी पापुद्रा मोडला, वाळू सुटी झाली आणि वाऱ्याबरोबर नत्रयुक्त बारीक माती उडून जाऊ लागली. १९३४ साली टेलर चराई कायद्याने सरकारी जमिनीवरील मोकाट चराईला परवान्यांचा लगाम घातला. पण हिशेब होता तो गवताचा आणि जनावरांचा. पापुद्रा कोणाच्या मोजदादीत नव्हता. १९६४ मध्ये कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान झाले, तरी चराई लगेच थांबली नाही.

याच उद्यानात खडकांनी वेढलेली 'व्हर्जिनिया पार्क' ही जागा आहे. गुरे तेथे कधीच पोहोचली नाहीत. जेसन नेफ, जेन बेलनॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मातीची तुलना १९७४ पर्यंत चराई झालेल्या जवळच्या जमिनीशी केली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे तीस वर्षांच्या विश्रांतीनंतरही चरलेल्या जमिनीत कर्ब आणि नत्र ६० ते ७० टक्क्यांनी कमी होते.

गवत परतले की जमीन सावरली, असे आपण समजतो. शेजारी व्हर्जिनिया पार्क शाबूत राहिले नसते, तर किती गमावले हे मोजायला मापही उरले नसते.