राणीची बाग : वसाहतकालीन वृक्षपुरवठा

मुंबईतील भायखळ्याचे सार्वजनिक उद्यान. मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ते खुले झाले. झाडे लावण्याचे व सांभाळण्याचे काम प्रथम पश्चिम भारताच्या कृषी व उद्यान संस्थेकडे होते. १८७३ मध्ये संस्था बंद पडली आणि बाग नगरपालिकेच्या ताब्यात आली.

बागेत कोकण-सह्याद्रीच्या झाडांशेजारी मादागास्करचा गुलमोहर, आफ्रिकेची गोरखचिंच आणि दक्षिण अमेरिकेचा कैलासपती उभे आहेत. (कैलासपती ‘आपलाच’ वाटतो तो फुलातल्या शिवलिंगासारख्या आकारामुळे, गाव मात्र सातासमुद्रापारचे!) गोरखचिंच ब्रिटिशांच्या कितीतरी आधी अरब व आफ्रिकी लोकांच्या ये-जा करण्यातून भारतात पोहोचली होती. त्यामुळे सारे श्रेय साहेबाला देण्याचे कारण नाही.

अशा परदेशी झाडांचे बी जहाजातून सहज येई. जिवंत रोप मात्र खारे वारे आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने वाटेतच मरे. १८२९ च्या सुमारास नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला बंद काचपात्रात नेचे उगवलेले दिसले आणि त्यातून ‘वॉर्डची पेटी’ तयार झाली. मातीतला ओलावा वाफ होऊन काचेवर साचे व परत मातीत झिरपे. १८३३ मध्ये अशा पेट्या लंडनहून सिडनीला गेल्या आणि झाडे जिवंत पोहोचली.

कलकत्त्याजवळच्या शिबपूरची वनस्पतिबाग (१७८७) आणि लंडनजवळचे क्यू उद्यान ही वनस्पतींच्या या देवाणघेवाणीची मोठी केंद्रे होती. बंगळूरच्या लालबागेला तर जॉन कॅमेरॉन आणि गुस्ताव क्रुम्बिगेल हे प्रमुखही क्यूमधूनच मिळाले.