टी-सेलचा नेम चुकला कुठे? दोन मृत्यू आणि एक तपास

आजची गोष्ट आहे २०१३ सालच्या दोन शोधनिबंधांची. एक ‘ब्लड’मध्ये आला, दुसरा ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये. मला ते वाचताना पोलीस तपास वाचल्यासारखं वाटलं.

आधी थोडं बेसिक. आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूवर ठेवून बाहेर दाखवत असतात. सोसायटीच्या गेटवर ओळखपत्र दाखवतो ना, तसंच. टी-सेल हा वॉचमन. तो आपल्या रिसेप्टरने ओळखपत्र तपासतो आणि गडबड दिसली की ती पेशी मारून टाकतो.

संशोधकांनी मेज-ए३ हे प्रथिन हेरलं. ते बऱ्याच कॅन्सरमध्ये असतं आणि निरोगी शरीरात वृषणाबाहेर जवळपास नसतं. म्हणजे नेम धरायला उत्तम. रुग्णाच्याच टी-सेल काढायच्या, त्यांना मेज-ए३ ओळखणारा रिसेप्टर द्यायचा आणि परत शरीरात सोडायच्या. मूळ रिसेप्टरची पकड सैल होती, म्हणून प्रयोगशाळेत त्यात बदल करून ती घट्ट केली.

पहिल्या दोन रुग्णांपैकी एकाला मेलानोमा होता, दुसऱ्याला मायलोमा. टी-सेल दिल्यावर काही दिवसांतच दोघांचंही हृदय बंद पडलं. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूंची नासधूस दिसली आणि तिथे टी-सेलही सापडल्या. पण हृदयात मेज-ए३ नव्हतंच! मग हल्ला कशावर झाला?

मेज-ए३चा तो तुकडा नऊ अमिनो आम्लांचा. संशोधकांनी एकेका जागेवरचं आम्ल बदलून पाहिलं, की रिसेप्टरला नेमकी कोणती अक्षरं लागतात. त्यातून एक साचा मिळाला. त्या साच्यात बसणारे तुकडे मानवी प्रथिनांमध्ये शोधले, आणि टायटिन सापडलं. हे हृदयाच्या स्नायूतलं अवाढव्य प्रथिन. त्यातला एक तुकडा नऊपैकी पाच जागी अगदी सारखा!

आधीच्या चाचण्यांत हे का नाही कळलं? उंदरांत माणसाचं एचएलए नसतं. साध्या वाढवलेल्या हृदयपेशींवरही हल्ला झाला नव्हता. स्टेम सेलपासून बनवलेल्या, खरोखर धडधडणाऱ्या पेशी वापरल्या, तेव्हा टी-सेलनी त्या मारल्या.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवा. शरीरातली प्रत्येक नवी टी-सेल थायमस ग्रंथीत परीक्षा देते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या बहुतेक टी-सेल तिथेच बाद होतात. प्रयोगशाळेत बदललेल्या रिसेप्टरने ही परीक्षा दिलेलीच नसते. ती आपल्याला घ्यावी लागते.

म्हणून आता रिसेप्टर माणसाला देण्याआधी त्याची कसून झडती होते. एकेक आम्ल बदलून पाहायचं, मानवी प्रथिनांशी जुळवायचं आणि वेगवेगळ्या निरोगी पेशींसमोर उभं करायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत अफामी-सेल या उपचाराला मंजुरी मिळाली. सायनोव्हियल सार्कोमासाठीचा हा उपचार मेज-ए४ला लक्ष्य करतो, आणि बदललेल्या रिसेप्टरच्या टी-सेलचा तिथे मंजूर झालेला हा पहिलाच.

मंजुरीची बातमी सगळीकडे येते. पण त्या दोघांचे मृत्यू दडपले गेले नाहीत, कारण शोधून छापलं गेलं, ही मला तेवढीच मोठी बातमी वाटते. पुढच्या रिसेप्टरची झडती त्यातूनच कडक झाली.