नखाची खूण

कृत्रिम सांध्याचा इतिहास सर जॉन चार्न्ली या शल्यविशारदाच्या नावाने लिहिला जातो. त्यात गैर काही नाही. खटकते ते एवढेच, की हॅरी क्रेव्हन या त्यांच्या प्रयोगशाळेतील यंत्रतज्ज्ञाला त्यात फार तर तळटीपेची जागा मिळते.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात चार्न्ली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याच्या सांध्यात टेफ्लॉनची वाटी बसवण्यास आरंभ केला. सुमारे ३०० रुग्णांना ती बसवली गेली. दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या, झिजेच्या भुकटीने भोवतीचे हाड पोखरले. केलेल्या शस्त्रक्रिया पुन्हा करण्याची पाळी आली. चार्न्ली यांनी ती टाळली नाही. टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीतही घालून पाहिले.

मे १९६२ मध्ये यंत्रमागांसाठी प्लास्टिकचे भाग पुरवणाऱ्या एका विक्रेत्याने उच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा तुकडा आणला. चार्न्ली यांनी त्यात अंगठ्याचे नख रुतवले, आणि तो निकालात काढला. निदानाची सवय जडलेल्या बोटांचा हा आत्मविश्वास! क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. साहेब तेव्हा परदेशी होते. यंत्र तीन आठवडे अहोरात्र चालले. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितकेही हे झिजले नाही.

नकार मोडून केलेली ही चाचणी चार्न्ली यांनी परतल्यावर मान्य केली. नोव्हेंबर १९६२ पासून रुग्णांच्या खुब्यात पॉलिएथिलीनची वाटी बसू लागली.